राजाचा खून आणि शेंदराखालचं साल

लातूरहून देगलूरची एसटी पकडली तेव्हा पिशवीत सुधाकरच्या लेखाचं कात्रण होतं. सुधाकर माझा जुना मित्र. जुने शिलालेख आम्ही दोघंही वाचतो, वाहवा मात्र त्याची होते. देगलूरजवळच्या एका गावच्या राजाला धाकट्या भावानं वैद्याकरवी विष घातलं, असं त्यानं छापलं होतं. पुरावा एकच: राजा वारला त्याच साली भावानं वैद्याला जमीन इनाम दिल्याचा शिलालेख. लेखाचं कौतुक ऐकून माझा जळफळाट झाला होता. खोटं कशाला सांगू, तो चुकलेला असावा एवढ्याच इच्छेनं मी निघालो होतो.

उदगीरला चहा सदऱ्यावर सांडला. देगलूरच्या स्टँडवर मराठी, तेलुगू, कानडी एकदमच कानावर आल्या. तिथून जीपनं गाव गाठलं.

गावात राजघराण्याच्या दोन पात्या (शाखा), थोरली राजाची आणि धाकटी त्या भावाची. धाकट्या पातीच्या इंदूआक्कांनी भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची आमटी) वाढलं.

"राजाच्या पुण्यतिथीला पहिला निवद आमच्या घरचा असायचा," आक्का म्हणाल्या. "लेख आला अन् थोरल्यांनी बंद केला. म्हनले, इख देनाऱ्याच्या घरचं नको."

वाईट वाटलं. तरी तोंडून निघालं, "सुधाकर इथंच जेवला होता?"

"हाव. लई गोड मानूस."

ठेचा आणखीच झोंबला.

राजाच्या समाधीवर हिजरी साल कोरलेलं आहे. शेतातल्या इनामाच्या दगडावरही आकडा तोच, पण त्याच्या आधीचा मजकूर शेंदरानं बुजलेला. सुधाकर तोही आकडा हिजरीच धरून, फोटो काढून गेला होता. मला मात्र शंका आली, कारण निजामाच्या मुलखात जमिनीचे व्यवहार फसलीत (महसुली साल) मोजत. शेंदूर काढू का, असं मी विचारलं.

"काढा. देव कोपला तर तुमच्यावर कोपंल," म्हणत आक्कांनी करडईचं तेल आणून दिलं.

बराच वेळ चोळल्यावर अक्षरं दिसली: सन फसली. तोच आकडा फसलीत काही वर्षं पुढे पडतो. म्हणजे इनाम राजा गेल्यावर कितीतरी उशिरा दिलेलं! विष कुणी घातलं, घातलं की नाही, देव जाणे. पण सुधाकरचा पुरावा निकालात निघाला. माझं मन फुगड्या घालू लागलं.

"आता मी छापतो," मी म्हणालो.

"राग मानू नका दादा, तुमाला थोरले वळखत न्हाईत. पुण्यतिथी परवा हाय. त्या लेखवाल्या साहेबांनीच म्हनलं तर ऐकतील."

कडू औषध घोटावं तसा मी सुधाकरला फोन लावला आणि शेंदराखालची अक्षरं सांगितली. "मी चुकलो रे," तो लगेच म्हणाला, "उद्याच जातो."

मी लातूरला परतलो. पुण्यतिथीच्या संध्याकाळी आक्कांचा फोन आला. पहिला निवद त्यांच्याच घरचा लागला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडून चूक कबूल केली, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणे.

"माझं नाव घेतलं का त्यानं?" मला राहवलं नाही.

"घेतलं की! म्हनले, हे सगळं त्यानंच शोधलं, मित्र असावा तर असा."

फोन ठेवला. आक्कांच्या घरचा निवद लागला, याचा आनंद मनापासून झाला. पण सुधाकरवर रागवायला एखादं कारण तरी ठेवायचं होतं मेल्यानं!