तिच्या पानावर काय वाढू?

धायरी फाट्यावर एक बाई नाचणी, जवस आणि आवळे विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माप भरायच्या आधी ती नाचणी तळहातावर घेते, फुंकर मारते, दोन दाणे चावून बघते आणि मगच देते.

मला शुगर निघाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता पणजीच्या काळातलं जेवण. नाचणीची भाकरी, जवसाची चटणी, रोज आवळा. गोड बंद. म्हातारपणी डोळे, किडनी शाबूत राहतील." बायकोनं वेगळा स्वयंपाक केला नाही. बारा वर्षं तीही माझंच पथ्य खात राहिली. मी ठणठणीत आहे आणि ती गेली. हे कसं झालं, मला अजून कळत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी त्या बाईला म्हणालो, "चांगली नाचणी द्या. बायकोच्या पानावर तिच्या आवडीची भाकरी वाढायचीय."

बाईचा हात मापावरच थांबला. "आजोबा, नाचणी त्यांच्या आवडीची हाय, का तुमच्या पथ्याची?"

"रोज खायची की ती!"

"रोज तर बैलबी कडबा खातो. लग्नाकार्यात काय मागून खायच्या, ते सांगा."

लग्नात आम्ही पुरुष पहिल्या पंगतीला जेवून उठायचो. बायकांच्या पंगतीत ती काय खायची, मी कधी पाहिलंच नाही.

तिथूनच मुलीला फोन लावला. आईला काय आवडायचं, ते विचारलं. ती म्हणाली, "बाबा, ते तुम्हालाच माहीत असेल ना?"