नणंदेसोबत पाहिलेला फॅमिली पिक्चर
पॉपकॉर्नचा वास आला का मला तो पिक्चर आठवतो, नणंद बोलली होती, "चल ना, फॅमिली पिक्चर आहे, काही घाण नाही," अन् खरंच दारू नाही, चुम्मा नाही, पण सासूनं सुनेच्या थोबाडीत मारली तशी नणंद टाळ्या वाजवत मला बोलली, "तुला पण अशीच सासू पाहिजे होती!" माझी पोर घाबरून मला चिकटली, तिथं मी तिला फक्त जवळ घेतलं, पण रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभी राहिली अन् सगळ्यांसमोर बोलून टाकलं, "पोरांना तो पिक्चर दाखवू नका, सुनेला मारतात अन् आपल्यातलीच बाई टाळ्या वाजवते, ती बघा, पुढं बसली," नणंदेनं पदरात तोंड लपवलं, मला बरं वाटलं, अजून तिची भीती वाटते, रोज प्रभूकडे सगळ्या पापांची माफी मागते, ते एक सोडून.