गहिनीनाथचा सौदा

गहिनीनाथला मी पहिल्यांदा पाहिला तो पाठमोरा, धोतर खाली सरकवलेला. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरला माणसं अशीच भेटतात, तोंडओळख मागाहून होते. सुई टोचली तर गडी हूं की चूं नाही. वळून म्हणाला, हात हलका हाय तुमचा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असं म्हणणारी माणसं दोन. दुसरा दारू प्यालेला होता.

काष्टीपासून दोन कोसांवर आमचा दवाखाना. एकाहत्तरची दिवाळी नुकती सरली होती. गहिनीनाथच्या एक्सरेत उजव्या बाजूला डाग निघाला, म्हणजे क्षय. दीड वर्षाचं औषध. पहिले दोन महिने सुई आणि गोळ्या, पुढे नुसत्या गोळ्या. खोकला थांबला की निम्मे लोक गोळ्या सोडायचे आणि वर्षभरानं रक्ताच्या गुळण्या टाकत परत यायचे. मी त्यांच्यावर असा ओरडायचो की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडायचे. आजही ते आठवलं की डोकं फिरतं. गहिनीनाथवर मात्र गोळ्या सोडल्या म्हणून कधी आवाज चढवावा लागला नाही. त्याला दिलेला शब्द कळत होता, कारण त्याचं पोटच शब्दावर होतं.

तो काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलांचा दलाल होता. तिथं भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हातात हात घालायचे. जितकी बोटं दाबली तितक्या शेकड्यांचा भाव. मग तोच हात रुमालाखाली विकणाऱ्याच्या हातात. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चाललेल्या, भोवती शंभर माणसं, पण कुणाला पत्ता लागायचा नाही. आत काय चाललंय ते दलालाच्या बोटांना ठाऊक आणि देवाला. गहिनीनाथच्या हातात हात दिला की फसगत नाही, असं पार कर्जतपर्यंत बोललं जायचं.

शनिवारी त्याला दवाखान्यात येणं जमायचं नाही म्हणून सकाळीच मी सायकल काढून त्याच्या घरी जायचो. खरं सांगतो, नुसत्या सुईसाठी जात नव्हतो. त्याची बायको गोजरबाई चुलीपाशी बसून बोलायला लागायची आणि हा ओट्यावरून तिला आडवं लावायचा. एकदा ती म्हणाली, "तुमच्या बानं मला बगायला येताना माजी शिंगं बगितली आसतील, दुसरं काय कळतंय तुमच्या घरात!" हा शांतपणे म्हणाला, "दात बगितलं हुतं. जीब तवा दिसली न्हाई." गोजरबाई पदर तोंडाला लावून हसली ती चहा उतू जाईपर्यंत. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच, पण वाटायचं दहा माणसं नांदताहेत. माझ्या घरी आम्ही नवराबायको दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलत असू, त्यातली निम्मी रॉकेलबद्दल. त्या ओट्यावर मी दुसरा कप मागून घ्यायचो. दिवस कसे गेले कळलं नाही, पण तसा चहा पुन्हा मिळाला नाही हे खरं.

दोन महिने संपता संपता त्याच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. स्ट्रेप्टोमायसिनची सुई काहींच्या कानाला बाधते. आमचे शामकांत डॉक्टर सावध माणूस, त्यांनी सुई तिथंच बंद केली. रातकिडे गेले. गोळ्या चालू राहिल्या आणि बाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. हे गोळ्यांचं करणं. गड्यानं मात्र आम्हाला सांगितलंच नाही. खडा हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटेना, तरी गप्प.

मग आषाढातला तो शनिवार आला. पावसाचं नाव नव्हतं, चारा संपला होता, बाजारात घेणाऱ्यापेक्षा विकणारे चौपट. कर्जतकडच्या सहादेव नावाच्या शेतकऱ्यानं दावणीतला शेवटचा बैल आणला होता. घेणाऱ्यानं रुमालाखाली चार बोटं दाबली. गहिनीनाथला तीनच लागली. त्यानं सहादेवला तीन सांगितली आणि बिचाऱ्यानं मुकाट्यानं मान डोलावली. पैसे बाहेर आले ते चारच्या हिशेबानं! सगळ्या बाजारात कुजबूज झाली, गहिनीनाथ मधलं खायला निघाला होता. त्यानं सगळी रक्कम सहादेवच्या हातावर ठेवली, पण सहादेव त्याच्याकडे बघत राहिला. ते बघणं त्याला झोपू देईना.

सोमवारी तो दवाखान्यात आला तेव्हा कुठं बोटांची गोष्ट बाहेर पडली. मी मनसोक्त ओरडलो, त्या दिवशी पहिल्यांदा. शामकांत डॉक्टरांनी मला गप्प केलं आणि त्याला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. औषध सोडायचं नाही, सोडलं तर डाग उलटेल. मग दोन वाटा. एक, याच गोळ्या चालू ठेवायच्या, जोडीला जीवनसत्त्वाची गोळी. बोटं चार-सहा महिन्यांत बहुधा ताळ्यावर येतील, तोवर बधिर राहतील. दुसरी, ही गोळी बंद करून दुसऱ्या मोठाल्या गोळ्या आणि पुन्हा सुई. बोटं लवकर सुटतील, पण कानांचा भरवसा नाही.

"बोटातलं गेलेलं परत येतं. कानातलं येत नाही," डॉक्टर म्हणाले. "माझं ऐक, बोटांना धीर धर."

गहिनीनाथनं दोन्ही पंजे टेबलावर पसरले.

"साहेब, आमचा धंदा मुका हाय. कानाबिगर चालंल," तो म्हणाला. "ह्या साली मानूस आखरीचा बैल घिऊन येतोय. माजं बोट चुकलं तर त्यो मरतोय."

डॉक्टरांनी आणखी दोनदा समजावलं. तो हलला नाही. मला तर त्याचा अभिमान वाटला. सुई मीच भरली.

दसऱ्याला रातकिडे परत आले. संक्रांतीपर्यंत माझ्या सायकलची घंटी त्याला ऐकू येईना. डॉक्टरांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं आणि सुई पुन्हा बंद केली, पण उशीर झाला होता. बोटं मात्र लख्ख झाली. बाजारात त्याचा हात पुन्हा चालायला लागला, सहादेव स्वतःहून दुसऱ्याचा बैल घेऊन त्याच्याकडे आला. मी खूश होतो. गोजरबाई आधी मोठ्यानं बोलायची, मग ओरडून, मग एकेक शब्द. एका शनिवारी तिनं चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेली. माझ्या ते ध्यानात आलं, पण मी दुसरा कप न मागता निघालो, एवढंच केलं.

त्र्याहत्तरच्या वैशाखात एक्सरे निर्मळ आला. दोघं पेढे घेऊन दवाखान्यात आली. मी फुशारून गोजरबाईला म्हणालो की सौदा काही वाईट झाला नाही, रोग गेला, बोटं राहिली, नाव राहिलं.

"चांगलाच झाला," ती म्हणाली. गहिनीनाथ शेजारीच उभा होता. "पर मला कुनी इचारलं आसतं, तर मी म्हनले आसते, सा महिनं बाजार सोडा. दुष्काळी कामावर जाऊन मी खडी फोडीन. मला बोलायला दुसरं कोन हाय?"

दर आठवड्याला मी त्या ओट्यावर बसत होतो. डॉक्टरांनी त्याला विचारलं, त्यानं बोटांना विचारलं. त्या घरात कान कुणासाठी लागतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी सुई भरत राहिलो.

गहिनीनाथ तिच्या ओठांकडे बघत होता. बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं त्यानं मला विचारलं, "काय म्हनती?" मग माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसला.

"पेढं घ्या म्हनत आसंल."

मी मान डोलावली आणि पेढा घेतला.