पेटी खाली ठेवणारा हमाल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मिठाच्या वाळवंटातून पेटी वाहून नेणारा हमाल मेलेला आहे. तो अर्ध्या वाटेत पेटी खाली ठेवून सुखरूप घरी गेला, असं निवेदन मी गेली तीस वर्षं मित्रांत, मुलांच्या नाट्यशिबिरांत, दोन लग्नांत आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत आ वासलेल्या अवस्थेत केलेलं आहे. ते मी आज मागे घेतो. ज्यानं मला ही खोटी बातमी दिली तो सेतुराम राव, आमचा सेतू, पाच आठवड्यांपूर्वी चेन्नईत वारला. त्यामुळे खुलासा मागायचीही सोय उरली नाही…

वडील बँकेत. बदलीवर चेन्नईला आले, मला तिथल्या एका ख्रिस्ती कॉलेजात इंग्रजी साहित्याला घातलं आणि वर्षभरात पुढची बदली घेऊन नागपूरला गेले. मी उरलो तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे. ब्रह्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या वाळत घातलेल्या बनियनांनी भरलेली चार मजली इमारत. मागच्याच गल्लीत सेतूचं घर होतं. तंजावरहून आलेलं मराठी कुटुंब, आजोबा कीर्तनकार. सेतूचं मराठी बखरीतलं आणि सूर तमिळ. पहिल्या दिवशी वर्गात माझं बोलणं शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणतां. मग मराठी नीट बोलायास काय हरकत?" मी त्याच क्षणी त्याचा गुलाम झालो.

शेवटच्या वर्षी एक ऐच्छिक विषय घ्यावा लागे. आम्ही दोघांनी घेतला तो एका ख्रिस्ती लेखकाच्या अद्भुतकथांचा आणि विज्ञानकथांचा. परग्रह आहेत, यानं आहेत, म्हणजे पेपर सोपा असणार, हा माझा हिशेब. वर्गात आम्ही नऊजण. शिकवायला सॅम्युअल सर, अतिशय भाविक माणूस, गोष्ट सांगताना डोळे मिटून घेत. मुख्य गोष्ट तीन खंडांची: मावळतच नाही असा सूर्य असलेला एक ग्रह, त्यावर पाण्यावाचून तडफडणारं शहर, आणि मोहोरबंद पेटी डोक्यावर घेऊन मिठाच्या वाळवंटातून त्या शहराकडे निघालेला हमाल. पेटीत काय आहे ते त्याला माहीत नाही, आणि ती उघडायची मनाई. एके दिवशी सरांनी विचारलं, ही पेटी म्हणजे काय? मी धिटाईनं उठून सांगितलं, पार्सल. सरांनी डोळे उघडले, माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि म्हणाले, "क्रूस." मला फसवल्यासारखं वाटलं. दोन खंड मी त्या हमालामागे जीव मुठीत धरून चाललो होतो, आणि लेखकानं पेटीत गुपचूप दुसरंच काही भरलं होतं. सेतू आपला तमिळ 'दा', म्हणजे 'अरे', जोडून म्हणाला, "ज्यानें वाहिली त्याची पेटी, दा. लेखकास काय विचारतोस?"

दोन खंड चाललो म्हणालो खरा, पण चालवलं ते सेतूनं. माझं इंग्रजी इतकं कच्चं की एक पान वाचायला मला एक अंघोळ आणि दोन कॉफ्या लागत. मग रविवारी मॅन्शनच्या गच्चीवर सेतू पुस्तक मांडीवर घेऊन बसे आणि आजोबांच्या थाटात ते मराठीत लावी. डब्याच्या झाकणाचा झांजेसारखा ताल, मधेच आलाप, हमालाला तहान लागली की स्वतः कोरडा घोट गिळणं. मरीना किनाऱ्याचा वारा पानं उलटवायचा आणि सेतू न बघता पुढे बोलत राहायचा. तिसरा खंड सरांनी वर्गात न घेता आपला आपण वाचायला सांगितला होता; त्याची ग्रंथालयात एकच प्रत होती आणि ती सेतूकडे होती.

त्या खंडाचा शेवट त्यानं सांगितला तो माझ्या वाढदिवशी. मी त्या दिवशी वाईट अवस्थेत होतो. आदल्या दिवशी वडिलांचं पत्र आलं होतं. बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्यांनी स्वतःच भरला होता, मी फक्त सही करायची होती. मला नाटक करायचं होतं आणि हे सेतूशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पत्र त्यानंही वाचलं होतं. गच्चीवर त्यानं शेवट लावला. अर्ध्या वाळवंटात हमालानं पेटी खाली ठेवली. तिच्यावरच बसून भाकर खाल्ली. उठला, मागे न बघता घरी गेला. कुणी त्याला काही म्हटलं नाही. आणि शहरातल्या लोकांनी आपली विहीर आपण खणली.

मी रडलो. परीक्षेत हा शेवट मी तीन पानं लिहिला आणि जेमतेम पास झालो. सेतूनं समजूत घातली, "सर भाविक. त्यांस हमालानें पेटी ठेविलेली कशी सोसेल?" मला ते इतकं पटलं की सरांची कीव आली. बँकेत मी चिकटलो खरा, पण दोन वर्षांनी राजीनामा दिला. वडिलांनी विचारलं, "असं वागावं म्हणून कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मी खंड आणि प्रकरण सांगितलं. ते दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मी पुण्याला गेलो, नाटकं केली, मुलांना नाटक शिकवलं, आणि जेव्हा जेव्हा चुकलो असं वाटलं तेव्हा तेव्हा स्वतःला ती भाकर खाणारा हमाल दाखवला. सेतू तिकडे चेन्नईत कॉलेजात शिकवत राहिला. गेल्या वर्षी पुण्याला आला तेव्हा ही गोष्ट मी मुलांसमोर साभिनय केली. शेंगा सोलत खालमानेनं तो म्हणाला, "शेवट माझ्याहून छान सांगतोस." मी ते कौतुक समजलो.

महिन्याभरापूर्वी मी चेन्नईत वेलचेरीला त्याच्या घरी गेलो. पद्मावहिनी, सेतूची बायको, शांत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, कपाटांतलें कोणतेंहि पुस्तक न्या. ह्यांस आवडेल." मी अर्थातच तिसरा खंड उचलला. कॉलेजचा शिक्का, परत न केलेली तीच प्रत. जुनं मॅन्शन बघायला तिरुवल्लिकेणीला जाणाऱ्या गाडीत शेवटचं प्रकरण उघडलं. आता माझं इंग्रजी बरं आहे. हमाल शहराच्या वेशीपाशी पेटीखाली कोसळतो आणि मरतो. पेटी फुटते, तिच्यातून पाणी वाहतं, शहर पितं. भाकर नाही. विहीर नाही. शेवटच्या पानावर सेतूच्या अक्षरात पेन्सिलीनं "वाचून संपलें" आणि खाली तारीख होती. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची.

माझं स्टेशन मागे पडलं. शेवटच्या स्टेशनावर उतरलो आणि उलट्या गाडीनं पुन्हा वेलचेरी. काय मागायला चाललो होतो कोण जाणे… राजीनामा परत? ज्या पुस्तकाच्या आधारावर बापाशी दोन वर्षं अबोला सोसला, त्या पुस्तकात तसं काही नव्हतंच. एका बावीस वर्षांच्या पोरानं रातोरात बनवलेल्या चार वाक्यांवर मी आयुष्य टांगलं होतं.

वहिनींनी दार उघडलं. मी पुस्तक पुढे धरून म्हणालो, "वहिनी, सेतूनं मला फसवलं."

त्यांनी पुस्तक पाहिलं आणि ओळखीचं हसल्या. "पेटीची गोष्ट ना? मजहि सांगितली ह्यांनीं." सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या, त्याच आठवड्यात वहिनींना बंगळूरच्या एका कॉलेजातून गणित शिकवायला बोलावणं आलं होतं. पत्र हातात घेऊन त्या दोन दिवस बसून होत्या. सेतूनं संध्याकाळी जवळ बसून गोष्ट सांगितली. हमाल वेशीपाशी पडला, पण शहरास पाणी मिळालें. "फार सुंदर सांगितली, अण्णा. झाकणावर ताल धरून. मी रडलें. मग नकाराचें पत्र लिहिलें." पुढे अकरा वर्षं त्यांनी सासूबाईंचं सगळं केलं. गणित पुन्हा शिकवलं नाही. सांगताना आवाजात तक्रार नव्हती. सुंदर गोष्टीचा मान ठेवल्याचं समाधान होतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी फसवला गेलेला माणूस होतो, आणि फसवल्या गेलेल्या माणसाला श्रोता मिळाला की तो थांबत नाही. मी त्यांना सेतूनं मला सांगितलेला शेवट सांगितला. अर्धं वाळवंट, खाली ठेवलेली पेटी, भाकर, मागे न बघता घर, लोकांनी खणलेली विहीर. सवयीनं चांगला सांगितला. हातवाऱ्यांसकट.

वहिनींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे आता सासूबाईंची रिकामी कॉट आहे. मग पुस्तक माझ्या हातून घेतलं, शेवटचं पान काढलं, पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि सेतूच्या फोटोकडे वळून, मी तिथे नसल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या,

"म्हणजे… तुम्हांस दुसराहि शेवट येत होता?"