सोनगीरमार्गे विलायत

विलायतेला जायचं तर आधी पारोळा गाठावं लागतं. निदान आमच्या विलायतेला तरी. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी जळगावच्या घरासमोर गाडीचं बॉनेट उघडून पाणी आणि ऑइल तपासलं, मागच्या सीटवर कागदांची पिशवी ठेवली आणि सौभाग्यवतीच्या 'सांभाळून' या शब्दाला मान डोलावून निघालो.

गाडी आमची सत्तरीला टेकलेली आहे. इंग्लंडात जन्मलेली, चार दारांची, मेंदीच्या रंगाची. तिला वळायचं असलं की दारामागच्या खांबातून वीतभर लांबीचा एक पिवळा हात बाहेर येतो. तो हात बघून एरंडोलच्या चौकात ट्रकवाल्यांनीही मला वाट दिली. एवढा मान मला सरपंच असतानाही मिळाला नव्हता.

ही गाडी माझी एकट्याची नाही. तिचे अर्धे मालक धुळ्याचे मोतीशेठ, कापडाचे व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि धुळ्यात रुजले. मी रावेरकडचा केळीवाला. आमची ओळख पारोळ्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये झाली. तिथे सरकीच्या पोत्यांखाली एक जुनी गाडी आहे असं दोघांनाही कळलं होतं, आणि ती घ्यायला दोघं एकाच दिवशी जाऊन थडकलो. भांडण व्हायचं ते सोडून भागीदारी झाली. तिला पुन्हा रस्त्यावर आणायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांतच कधीतरी शेठ म्हणाले, "नाना, हिला एकदा माहेरी नेऊन आणू."

तेव्हापासून बेत शिजतो आहे. गाडी मुंबईहून जहाजात चढवायची. इंग्लंडात उतरवायची. तिथे दक्षिणेकडच्या एका मोठ्या हवेलीच्या हिरवळीवर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तो बघायचा, म्हणजे त्यात उभं राहायचं. मग डोव्हरहून समुद्र ओलांडून कॅलेमार्गे फ्रान्समध्ये, तिथला दुसरा मेळा. शेवटी डोंगर चढून इटलीतल्या एका तळ्याकाठी तिसरा. अडीच महिने, दिवसाला फार तर दोनशे किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने गाडी चालवायची. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर नकाशा पसरून शेठ त्यावर दोरा ठेवत. वळणावळणाने दोरा फिरवायचा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. "कॅले ते पॅरिस, हे इतकं," असं म्हणून दोरा बोटाला गुंडाळत. गिऱ्हाईक समोर ताटकळत बसलेलं असायचं.

पारोळ्याच्या अलीकडे इंजिन तापलं. रस्त्याकडेच्या ढाब्याशी गाडी उभी केली. ती निवेपर्यंत शेवभाजी मागवली, कारण रिकामं बसून गाडीकडे बघत राहिलं की माणसाचा धीर सुटतो. शेजारच्या खाटेवर एक आजोबा चहा पीत होते.

"गाडी कितली जुनी शे भाऊ?" त्यांनी विचारलं. (शे म्हणजे आहे.)

"तुमच्या-माझ्या वयाची, आबा."

"मंग आते कोठे लई चालनात तिले?" (मग आता तिला कुठे घेऊन चाललात?)

"विलायतेला."

आजोबांनी गाडीच्या नाकातून निघणारी वाफ पाहिली, शेवभाजीचा लाल तवंग पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "आधी जेवी ल्या," ते म्हणाले. (आधी जेवून घ्या.) याहून शहाणा सल्ला मला त्या दिवसात कुणी दिला नाही.

या वेळी मात्र बेत नुसता गप्पांत नव्हता. व्हिसा झाला होता, जहाजात जागा ठरली होती, आणि गाडीचा पासपोर्ट म्हणतात तो कार्नेटही निघत आला होता. एका अर्जावर दोन्ही चालकांचे परवाने आणि सह्या हव्या होत्या. सोमवारी तो मुंबईला पोचवायचा होता. माझी सही झाली होती. शेठ मात्र महिनाभर फोनवर 'बघू, या तुम्ही' एवढंच म्हणत होते. त्यांना काचबिंदू आहे, औषध चालू आहे, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं विचारायची मला हिंमत झाली नव्हती. शेठशिवाय हा प्रवास ही कल्पनाच मी कधी केली नव्हती. मी भित्रा माणूस आहे. अनोळखी गावात नुसता पत्ता विचारायलाही मला कुणीतरी सोबत लागतं.

धुळ्याला पोचलो तेव्हा शेठ दुकानात एका बाईंना कापड दाखवत होते. टोक दोन बोटांत चोळून म्हणाले, "यात दुसरं सूत मिसळलंय, अक्का, हे नका घेऊ." बोटं तशीच पक्की होती. पण मी समोर येऊन उभा राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही. "शेठ," म्हटल्यावर चेहरा उजळला आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघून ते हसले.

मी नकाशा काढला. म्हटलं, आधी तो पसरावा, मग अर्ज. शेठनी हात ठेवला आणि सांगायला लागले, "डोव्हरला सकाळची बोट धरायची. दीड तासात कॅले. तिथून किनारा सोडायचा." एकूण एक गोष्ट बरोबर होती. फक्त त्यांचं बोट स्पेनच्या मध्यावर फिरत होतं. मी नकाशाची घडी घातली. अर्ज पिशवीतच राहिला.

"शेठ, आज रंगीत तालीम करू," मी उगाच उत्साहाने म्हटलं. "सोनगीर, तिथून शिंदखेडा आणि परत. गाडीचा दम कळेल."

"सोनगीरला जायचंच आहे मला," ते म्हणाले. "तुम्ही चालवा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला धुळ्याच्या हद्दीत स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता.

सोनगीरला आमचं काय आहे, ते इथे सांगायला हवं. आपल्याकडे पस्ताना ठेवायची चाल होती. जुन्या घरांतून अजूनही कुठे कुठे आहे. मुहूर्त आज आणि निघणं महिन्याने असं झालं, तर मुहूर्तावर आपल्या सामानातली एखादी वस्तू शिवेबाहेर, जायच्या दिशेला, कुणाच्या तरी घरी ठेवून यायची. ती ठेवली की माणूस निघाला असं धरतात. प्रत्यक्ष निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं. तीन वर्षांपूर्वी शेठच्या पंचांगात एक फारच उत्तम मुहूर्त निघाला. व्हिसाचा पत्ता नव्हता, गाडीचा गिअरबॉक्स टेबलावर पडलेला होता, पण मुहूर्त सोडवेना. मग रुमालात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खास या प्रवासासाठी घेतलेले चामड्याचे हातमोजे बांधून आम्ही सोनगीरला त्यांच्या ओळखीच्या एका तांबट काकांकडे ठेवून आलो.

"शेठ, बंदर मुंबईला. सोनगीर तर उलट्या बाजूला, आग्र्याच्या रस्त्यावर," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"विलायत धुळ्याच्या वायव्येला आहे, नाना. मुहूर्त देशाकडे बघून धरतात, बंदराकडे बघून नाही." एवढ्या थोर भूगोलापुढे मी काय बोलणार? सोनगीरला पस्ताना ठेवून विलायतेला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी धुळ्यात दुकान उघडून बसला. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हापासून त्यांना पाहुणे म्हणतात. "पाहुण्यांना चहा हवा का?" असं तीन वर्षं चाललं आहे.

महामार्गाला लागलो. दोन्हीकडे गहू पिवळा पडत आलेला, कपाशीच्या नुसत्या काड्या उभ्या. शेठ खिडकीबाहेर हात काढून वारा घेत होते.

"डाव्या हाताला किल्ला दिसायला लागला असेल," काही वेळाने ते म्हणाले.

किल्ला उजवीकडे होता. मी "हो" म्हटलं. त्यांनी खिडकीतला हात आत घेतला.

"नाना, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "किल्ला उजवीकडे आहे. मुद्दाम चुकीचं बोललो. तुम्ही मला किती सांभाळून घेता ते बघायचं होतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पिवळा हात बाहेर आला, आत गेला.

"उजव्या डोळ्याचं संपलं," ते सांगू लागले. "डाव्याने नळीतून बघावं तसं दिसतं. परवाना मी दिवाळीतच मुलाकडे देऊन टाकला. तुम्हाला फोनवर सांगायला तोंड उघडेना. सही करून घ्यायला आलात, ठाऊक आहे मला."

"मी चालवीन. तुम्ही नुसते शेजारी बसा," मी म्हटलं. हेच वाक्य मी पारोळ्यापासून घोकत आलो होतो.

"अडीच महिने तुम्ही मला धरून धरून चालवाल. जिने, पायऱ्या, संडास. मेळ्यात लोक गाडी बघतील आणि तुम्ही माझ्याकडे बघत बसाल. नको." मग हलकेच म्हणाले, "मला फार जायचं होतं हो, नाना."

मागून ट्रकने हॉर्न दिला आणि आम्ही पुढे निघालो.

सोनगीरच्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज चालू होता. काका ओट्यावर बसून हंड्याचा काठ वळवत होते. आमची गाडी ओळखून हातोडी खाली ठेवली.

"या भाऊ, या! बठा. आते जाई राहिनात का?" (आता निघालात का?) त्यांनी आत हाक दिली, "ओ, ते गाठोडं काढ वं! विलायतवाला उनात!" (विलायतवाले आले!)

काकूंनी देवघराच्या फळीवरून रुमाल आणला. तांदूळ उंदराने खाऊ नयेत म्हणून त्यांनी तो तीन वर्षं पितळी डब्यात ठेवला होता. "तुम्हनं बठ्ठं जसं ना तसं शे," त्या म्हणाल्या. (तुमचं सगळं जसंच्या तसं आहे.)

शेठनी गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. मी समजलो की ते आता माझ्या हाती देणार, 'माझ्याऐवजी हे तुम्ही न्या' असं सांगणार. डोळे भरून आले होते, हातही थोडा पुढे झाला होता.

"काका, मी निघत नाही," शेठ म्हणाले. "परत आलो. हे घरी नेतो."

काका काकूंकडे बघत राहिले. पस्ताना उचलून माणूस पुढे जातो. तो घेऊन मागे फिरलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. मीही नाही. काकूंनीच सावरलं. "जाई उनात ना? मंग पानी पेवा," त्या म्हणाल्या आणि घागरीतलं पाणी दिलं. (जाऊन आलात ना? मग पाणी प्या.)

शिंदखेडा राहून गेलं. परतीच्या रस्त्यावर गाठोडं शेठच्या मांडीवर होतं. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "तिकडून फोटो पाठवू नका. ते मला काय कामाचे? रोज फोन करा आणि सांगा. रस्ता कसा, दगड कोणता, बायका काय नेसतात, कापड कसलं. मुद्द्याचं सांगा, नाना. तुम्ही पाल्हाळ फार लावता."

मी जातो असं अजून म्हटलंही नव्हतं.

धुळ्यात उन्हं कलली होती. घराच्या पायरीशी शेठ उतरले आणि आत पाऊल टाकणार तोच भाभींनी "थांबा" म्हटलं. त्यांच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. शेठनी त्यांना सकाळीच सगळं सांगून ठेवलेलं असणार. चार पिढ्यांत आमच्या कितीतरी रीती त्या घरात जाऊन बसल्या आहेत. लांबच्या प्रवासाहून परतलेल्या माणसावरून ओवाळतात तसा त्यांनी तुकडा शेठवरून ओवाळला, पाण्याबरोबर तो बाहेर टाकला आणि पदर सारखा केला.

"कसा झाला प्रवास?" त्यांनी विचारलं.

शेठनी गाठोडं काखेत घेतलं. "छान झाला," म्हणाले. "पाऊस फार तिकडे. पण तळ्याकाठची सकाळ, काय सांगू तुला. पाणी इतकं शांत, की गाडी त्यात उलटी दिसायची."

"आणि जेवणाचं?"

"हाल. नानांनी शेवभाजी फार आठवली."

भाभी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी भाकरीचा दुसरा तुकडा घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "या नाना, तुम्हीही."

मी दोन पायऱ्या मागे सरलो. "भाभी, माझ्यावरून नको," मी म्हटलं. "मी अजून निघालोच नाही."

शेठनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. या वेळी ते बरोबर माझ्याकडे बघत होते.

"मग निघा," ते म्हणाले.

दिवस बुडायच्या आत जळगाव गाठायचं म्हणून मी चहाला थांबलो नाही. पारोळ्यापर्यंत मी एकटाच बडबडत आलो. गहू कसा पिवळा पडलाय, कपाशीच्या काड्या अजून कुणी उपटल्या नाहीत, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय. सराव करत होतो म्हणा. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला परदेशाची ओढ आहे, हवेलीच्या हिरवळीची, तळ्याची. त्या पस्तीस-चाळीस किलोमीटरांत कळलं, की मला ओढ होती ती मोतीशेठच्या शेजारी बसून तिथे जाण्याची. ते आता होणार नाही. तरी मी जाणार आहे, कारण कुणीतरी ते बघून सांगायला हवं.

रविवारी सकाळी अर्ज पुढ्यात घेतला. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये अशी खाली सूचना होती. दुसऱ्या चालकाच्या नावापुढे मी पट्टी न लावता रेघ ओढली. ती वाकडी आली.