निळा रंग राहिला होता

चंदीगडहून हिमाचलमधलं धरमपूर जेमतेम दोन तासांवर आहे, पण निघायला मला दोन वर्षं लागली.

हे विद्यापीठात शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आकाशाचे फोटो काढायचे. यांचा दुर्बिणीला लावायचा कॅमेरा रंग ओळखत नाही. त्याच्यापुढे एक चकती असते, तिच्यात पाच घरं आणि प्रत्येक घरात एक काच म्हणजे फिल्टर. लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि मागाहून एकत्र करायचे. मृगातल्या तेजोमेघाचा लाल झाला, हिरवा झाला. निळ्याच्या वेळी ढग आले. पुढच्या अमावास्येला आम्ही इस्पितळात होतो.

यंदा फेब्रुवारीत मी केतकीला म्हटलं, "निळा मी घेते." केतकी माझी मुलगी, मोहालीत नोकरी करते.

"आई, तुला चकती जोडता येते?"

"वाचलंय सगळं."

"पक्का?"

पक्कं काहीच नव्हतं. यांचा लॅपटॉप बंद पडलेला, म्हणून केतकीच्या जुन्या लॅपटॉपवर नव्याने सुरुवात केली. कोणाला करायचं असेल तर सांगते: ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला कॅमेरा ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, घरीच टाकून घ्या, डोंगरात नेट रडवतं. आधी ड्रायव्हर, मग वायर. मी उलट केलं आणि एक अख्खी दुपार घालवली. कॅमेरा दिसायला लागला की चकती जोडायची आणि कोणत्या घरात कोणता फिल्टर ते सॉफ्टवेअरमध्ये लिहायचं. यांच्या वहीत क्रम होता: एक पारदर्शक, दोन लाल, तीन हिरवा, चार निळा, पाच हायड्रोजन वायूच्या उजेडाचा. तसंच लिहिलं. 'कनेक्ट' दाबलं आणि चकती खर्रर्र करून फिरली. हा आवाज मी वर्षानुवर्षं गच्चीवरून ऐकलेला.

निळ्याला अंधारं आकाश हवं, म्हणून शनिवारी सकाळी निघालो. पिंजौरला चहा, परवाणूच्या पुढे एका ढाब्यावर राजमा-चावल. भात मऊ, राजमा झणझणीत. रस्ता चांगला आहे, फक्त ट्रकांच्या मागे धीर धरायचा. धरमपूरच्या वर एका सरदारजींच्या घरी खोली घेतली होती. दोघंच नवरा-बायको. गच्चीवर दुर्बीण लावायला त्यांची हरकत नव्हती, ही मोठी गोष्ट. तुम्ही जाल तेव्हा आधी फोनवर हेच विचारा, आणि गच्चीवर प्लग आहे का तेही. कॅमेरा थंड करायला वीज लागते.

सात वाजता मृग डोक्यावर आलं. चार नंबरचं घर लावून तासभर फोटो घेतले. केतकीनं ते पेनड्राइव्हवरच्या यांच्या जुन्या फोटोंशेजारी ठेवले आणि पुन्हा पुन्हा मोठे करून पाहू लागली.

"काय झालं?"

"आई, हा निळा बाबांच्या हिरव्यासारखा आहे. सेम टू सेम."

"मग चकती उघडून बघायची?"

"तू बघ. मी नाही उघडणार."

मीही नाही उघडली. ते बारके स्क्रू यांनी शेवटचे पिळलेले होते. पण एकच रात्र आणखी होती, आणि निळा कुठे आहे हे माहीत नव्हतं.

सकाळी खाली आले तर अंगणात सरदारजी पगडीच्या कापडाचं एक टोक धरून उभे, दुसरं टोक त्यांच्या बायकोच्या, गुरमीतजींच्या हातात. दोघांनी ताणून ताणून त्या लांबलचक कापडाची घडी घातली. याला पूणी म्हणतात. "अकेले नहीं होती जी," गुरमीतजी म्हणाल्या. "चालीस साल से पकड़ रही हूँ. कभी छोड़ दूँ तो गिर जाएँ!"

"ये कब छोड़ती है," सरदारजी म्हणाले.

कापड निळं होतं, ऊन त्यातून आरपार येत होतं. निळं कापड दुर्बिणीच्या तोंडावर धरलं, तर सर्वांत जास्त उजेड निळ्या फिल्टरमधूनच येणार! पण कोणाच्या पगडीला हात कसा लावायचा? अडखळत मी काय हवंय ते सांगितलं. सरदारजी आत गेले, कपाटातून तसंच निळं, नवं कापड घेऊन आले. "बहनजी, ये अभी बांधी नहीं. ले जाओ."

गच्चीवर गुरमीतजींनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दुर्बिणीच्या तोंडावर ताणलं. केतकी एकेक घर फिरवत उजेडाचे आकडे वाचत होती. पारदर्शक सोडला तर सर्वांत उजळ तीन नंबर. मग गुरमीतजींची लाल ओढणी ताणली: पाच नंबर.

केतकीनं वही पाहिली. "उलटं आहे सगळं. बाबांनी चकती उघडी असताना मागच्या बाजूनं बघून लिहिलंय. त्यांच्या लॅपटॉपमध्ये मात्र बरोबर भरलं असणार."

"आणि हे मला कधी बोलले नाहीत."

"तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी बॅटरी धरायची आणि चहा द्यायची.

त्या संध्याकाळी तीन नंबर लावला. आकाश स्वच्छ होतं. नऊपर्यंत निळा झाला. कापड घडी करून परत दिलं, तर गुरमीतजींनी मुळ्याचे पराठे बांधून दिले.

घरी येऊन आठ दिवस झाले. केतकीनं तिन्ही रंग जोडले. तेजोमेघ गुलाबी आणि निळसर आलाय, मला वाटलं होतं त्याहून बरा. पण माझा कॅमेरा जरा वाकडा बसला होता, त्यामुळे एका कडेला निळा पोचलाच नाही. तिथे फक्त लाल आणि हिरवा आहे, म्हणजे पिवळी पट्टी दिसते.

"कापून टाकू?" केतकीनं विचारलं.

मी नको म्हटलं. बाकीच्या फोटोत आम्ही दोघं आहोत. त्या पट्टीत एकटे हे आहेत.