हवा मारणारे आबा

“हवा मारू का?”

दार उघडलं की आबांचा पहिला प्रश्न हा. बरं आहे का, चहा झाला का, काही नाही. उजव्या हातात पिस्तुलासारखं ते यंत्र, नळी छताकडे रोखलेली, आणि नजर माझ्या डोक्यावरून थेट आतल्या पंख्यावर.

आबा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावचे. सगळी नोकरी तळेगावच्या एका कारखान्यात, लेथ मशीनवर. तिथं काम झालं की लोखंडाचा कीस हवेच्या पाइपनं उडवायचा आणि शिफ्ट सुटताना तीच हवा स्वतःच्या कपड्यांवर मारून घ्यायची, अशी रीत. “घामसुदिक वाळून जायचा,” आबा सांगायचे, तेव्हा त्यांचा चेहरा गंगेत नाहून आल्यासारखा व्हायचा.

त्यांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, दमा होता. गावाशेजारून दिवसभर डंपर जायचे. डॉक्टरांनी हवापालट सुचवला म्हणून निवृत्तीनंतर दोघं लोणावळ्यात भाड्यानं राहायला आली. लोक इथं दोन दिवस हवा खायला येतात, हे मुक्कामालाच आले. पण हवा मावशींना मानवली, आबांना नाही. ते गॅलरीत बसून असायचे. पेपरसुद्धा वाचायचे नाहीत. “काय आबा?” म्हटलं की “बसलोय” एवढंच.

मग पुण्याच्या मुलानं ते चार्जिंगचं ब्लोअर आणून दिलं. आकार हेअर ड्रायरएवढा, आवाज गिरणीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातून शिट्टी ऐकू आली. आबा शीळ घालत खिडक्यांच्या खाचा साफ करत होते.

स्वतःचं घर संपल्यावर त्यांनी आमचं घेतलं. पंख्यावर हवा मारली तेव्हा वर्षाची धूळ उठली आणि सावकाश माझ्या उघड्या वरणात, धुतलेल्या चादरींवर आणि मुलाच्या अभ्यासावर उतरली. पण पंखा खरोखर चकचकीत झाला होता, आणि आबा फक्त पंख्याकडेच बघत होते.

“बगा! फडकं लावाया लागलं का?”

फडकं नंतर मी लावलं, सगळीकडे.

एकदा त्यांनी देव्हारा साफ करायला घेतला आणि हळदीकुंकवाच्या करंड्यांची झाकणं लावायला विसरले. जिन्यात आले तेव्हा मिशांपासून बनियनपर्यंत पिवळे-लाल झालेले. “द्येव लय खूश दिसत्यात,” मावशी दारातून म्हणाल्या. त्या हसल्या आणि मग बराच वेळ खोकल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या उत्साहापुढे घरचे हळूच बाजूला सरकतात. मावशी सरकून जिन्यात यायच्या. आत यंत्र सुरू झालं की पदर नाकाला लावून पायरीवर बसायच्या.

“मावशी, त्रास होतो तर सांगत का नाही त्यांना?” मी विचारलं.

“काय सांगू? नोकरी सुटल्यापासनं माणूस भिंतीकडं बगत व्हता. रातचं जेवायचा बी न्हाई नीट. आता शीळ घालतोय. घालू दे की. मला काय, हितं बी हवा हायेच.”

दिवाळीच्या साफसफाईत आबांनी माळा साफ करायला काढला. जुन्या गोधड्या, गावाकडची ट्रंक, कापसाच्या उश्या. त्या दिवशी मावशी जिन्यात आल्या नाहीत, पोह्यांना फोडणी देत होत्या. यंत्र अचानक बंद झालं आणि आबांची हाक आली. मी धावले. मावशी ओट्याला धरून उभ्या होत्या, ओठ निळसर पडलेले, श्वास आत जात होता पण बाहेर येत नव्हता. आम्ही दोघांनी त्यांना धरून खाली आणलं, रिक्षात घातलं. रस्ताभर आबा वहाणा विसरलेल्या पायांनी रिक्षाची फळी दाबत होते, जणू तिथंच ॲक्सिलरेटर आहे.

दवाखान्यात मावशींना वाफारा आणि ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टर बाहेर आले.

“घरात धूळ असते का?”

“एक कण न्हाई!” आबा ताठ झाले. “रोज हवा मारतो मी.”

“हवा मारता म्हणजे?”

आबांनी हातानं दाखवलं. तोंडानं आवाजही काढला.

“आणि ती धूळ जाते कुठं?”

“उडून जाती.”

“उडून कुठं?”

आबांनी तोंड उघडलं आणि पडद्याआडून मावशींचा खोकला आला. मग ते बाकावर बसले आणि तळहात न्याहाळत राहिले.

मावशी घरी आल्या. आबांनी यंत्र कपाटात टाकलं आणि ओलं फडकं हाती घेतलं. गुडघ्यावर बसून, पिळून पिळून, कोपरा न् कोपरा. घर पहिल्यांदा खरोखर स्वच्छ झालं आणि पहिल्यांदाच त्या घरातून कसलाही आवाज येईना. पुन्हा “काय आबा?” म्हटलं की “बसलोय.”

शेवटी मावशींनीच कपाट उघडलं. यंत्र आबांच्या हातात दिलं. “जावा खाली. रिक्षा स्टँडवर मारा काय मारायचं त्ये. मला हितं बसल्या बसल्या ऐकू येऊ द्या.”

आबा गेले. रिक्षावाले गाड्या ओळीनं लावू लागले. “आबा, सीटखाली मारा.” “आबा, मीटरवर एकदा.” तासाभरानं आबा वर यायचे ते आधी मोरीत. कपडे बादलीत, डोक्यावरून पाणी, आणि मगच मावशींच्या खोलीत पाऊल. शीळ मात्र मोरीतूनच सुरू व्हायची.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. यंत्र रिक्षावाल्यांना देऊन टाकलं. समोर आता शनिवार-रविवारचं एक कुटुंब येतं, त्यांना पंख्यांवरची धूळ दिसत नाही.

परवा मी फोन केला. “हितं लय उंच हाय,” आबा म्हणाले. “काचा बंद. एसी. धूळच न्हाई वो.” घरात कुणी वारल्यासारखा त्यांचा आवाज होता.

तेवढ्यात मागून मावशी कडाडल्या, “आवं तक्रारी काय सांगताय त्या पोरीला, पायाखाली पाणी सांडलंय त्ये पुसा आदी, न्हाईतर घसरून पडाल आन् मग म्हणाल मी सांगितलं न्हाई!”

मला वाटलं आबा चिडतील. पण फोन बहुतेक त्यांनी कानापासून दूर, मावशींच्या दिशेनं धरला असावा.

“ऐकलंत?” ते हळूच म्हणाले. “सगळं एका दमात बोलली.”